‘झोंबी’ वाचताना : घर, परिस्थिती आणि जिद्दीचा प्रश्न

प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकांनी बारावीला हिंदीच्या ‘वितान’ या पूरक पुस्तकात ‘जूझ’ नावाचा पाठ वाचला असेल. शाळेसाठी तळमळणारा आनंदा, त्याला शेतावर जुंपणारे वडील, मध्यस्थी करणारे दत्ताजीराव देसाई आणि कविता गाऊन शिकवणारे सौंदलगेकर मास्तर तुम्हाला आठवत असतील. हा पाठ आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ या मराठी आत्मचरित्रात्मक कादंबरीचा एक भाग आहे. परीक्षेला त्यावर एक प्रश्न हमखास येतो, ‘आनंदाच्या व्यक्तिमत्त्वाचे गुण लिहा’. उत्तरही ठरलेले असते : जिद्द, कष्टाळूपणा, शिक्षणाची ओढ. गाइडमध्येही तेच असते.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, साहित्य हा माझा पेशा नाही. तरी या उत्तराबद्दल मला आक्षेप आहे आणि तो का आहे हे या टिपणात मांडायचे आहे. आनंदा जिद्दी नव्हता असे मला म्हणायचे नाही. पण कादंबरी जे सांगते त्याचा फार छोटा भाग ‘जिद्द’ या शब्दात मावतो. उरलेला भाग घराचा, गावाचा आणि काळाचा आहे. तो गाळला की कादंबरीवर अन्याय होतो आणि आपल्या आजूबाजूच्या काही माणसांवरही होतो. या दुसऱ्या अन्यायाकडे मी शेवटी येईन.

पुस्तक आणि लेखक

आनंद यादव यांचा जन्म १९३५ साली कागल येथे झाला. कागल हे कोल्हापूरजवळचे, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. पुढे यादव पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. ‘गोतावळा’, ‘नटरंग’ या त्यांच्या कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. ‘नटरंग’वर निघालेला चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ‘झोंबी’ १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ हे तीन भाग आले. या चार पुस्तकांत मिळून एका शेतकरी कुटुंबाची आणि त्यातून बाहेर पडलेल्या मुलाची कथा पूर्ण होते.

‘झोंबी’ हा कुस्तीच्या आखाड्यातला शब्द आहे. कोल्हापूर भाग म्हणजे तालमींचा मुलूख, तिथे तो रोजच्या बोलण्यात येतो. झोंबी म्हणजे एकमेकांना भिडणे, अंगाला अंग घासून झटणे. यात प्रतिस्पर्धी दूर उभा नसतो, त्याचा घाम आपल्या अंगाला लागतो. आनंदाचा प्रतिस्पर्धी त्याचे स्वतःचे घर आहे, म्हणून हे नाव नेमके वाटते. घराशी झगडताना माणूस घरापासून सुटतो आणि त्याच वेळी घराचे बरेच काही अंगावर घेऊन निघतो.

घर : दादा, आई आणि गुऱ्हाळ

कादंबरीतल्या बापाला मुले ‘दादा’ म्हणतात. दादाने आनंदाला पाचवीतून काढून शेतावर घातले आहे. स्वतः दादा बराचसा वेळ गावात, रखमाबाईकडे घालवतो. पोरगा शेतात राबला की बाप गावात मोकळा, असा घरचा हिशोब आहे. आईला हे सगळे कळते, पण तोंड उघडायची सोय नाही. नवऱ्याच्या रागापुढे तिचे काही चालत नाही.

इथे दादाला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण गुऱ्हाळाचा प्रसंग नीट वाचा. गुऱ्हाळ म्हणजे उसाचा रस काढून, आटवून गूळ करण्याची जागा आणि तो हंगामही. गावातले इतर शेतकरी ऊस शेतात जास्त दिवस ठेवतात. ऊस पक्व झाला की रस दाट होतो, गूळ चांगला उतरतो. दादा मात्र सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावतो. त्याचे म्हणणे असे की बाजारात गूळ कमी असतानाच दर चांगला मिळतो. दोन्ही बाजूंना आपापले तर्क आहेत. दादा आळशी असेल, पण तो हिशेबी आहे. थांबण्यापेक्षा पैसा लवकर हातात येणे त्याला महत्त्वाचे वाटते. ज्या घरात उद्याची खात्री नसते, तिथे मोठा पण लांबचा फायदा नेहमीच कमी मोलाचा ठरतो.

आता हाच हिशोब शाळेला लावून बघा. शाळा म्हणजे सर्वांत उशिरा उतरणारे पीक. आज फी, कपडे आणि एक राबणारा हात खर्ची घालायचा, आणि फळ मिळाले तर आठ-दहा वर्षांनी. ऊस पिकेपर्यंत न थांबणारा बाप मुलगा शिकेपर्यंत कसा थांबेल? दादाचा शाळेला विरोध आणि लवकर लावलेले गुऱ्हाळ या एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत, आणि त्या स्वभावामागे घरची परिस्थिती आहे. त्याने दादा निर्दोष ठरत नाही. स्वतःच्या वाट्याचे कष्ट बायकोपोरांवर ढकलणे हा त्याचा दोषच आहे. पण दोष कुठे संपतो आणि परिस्थिती कुठे सुरू होते ही रेघ तुम्हाला वाटते तितकी सरळ नाही.

गंमत अशी की आनंदाचा तर्कही बापाच्याच घरातला आहे. शेतीत आता राम उरला नाही, आजोबांच्या वेळेइतके ती आता देत नाही, शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हातात येतील, काही धंदा करता येईल, असा विचार तो करतो. ज्ञानासाठी ज्ञान ही भाषा त्याच्याकडे अजून नाही. बापाने शिकवलेलाच नफ्यातोट्याचा हिशोब तो मांडतो, फक्त मुदत लांबवतो. आईशी बोलायची वेळही तो नेमकी साधतो. गुऱ्हाळ उरकले आहे, शेतातली कामे कमी झाली आहेत. घराने त्याला अडवले हे खरे, पण अडवणाऱ्याला पटेल असे कसे बोलावे हेही घरानेच शिकवले.

घराबाहेरचे बळ

आई आणि आनंदा रात्री दत्ताजीराव देसायांकडे जातात. हे गावातले वजनदार गृहस्थ. दादा बायकोचे ऐकत नाही, मुलाचे ऐकत नाही, पण देसायांपुढे मान खाली घालतो. आम्ही येऊन गेलो हे दादाला कळू देऊ नका, अशी विनवणी मायलेकरे करतात. पुढे देसाई दादाला बोलावून खरडपट्टी काढतात, फीचे जमले नाही तर मी भरीन असेही सांगतात. शाळेचा रस्ता मोकळा होतो.

गाइडमध्ये हा प्रसंग ‘सज्जन माणसाची मदत’ एवढ्यावर संपतो. तुम्ही त्यात सत्तेची उतरंड बघा. बाप घरात सर्वेसर्वा, बाहेर मात्र लाचार. आईचा शब्द घरात पडतो, म्हणून ती बाहेरची सत्ता घरात आणते आणि तेही चोरून. म्हणजे आनंदाची सुटका ज्या जमीनदारी व्यवस्थेमुळे होते, त्याच व्यवस्थेने त्याच्या बापाला तसे घडवले आहे. देसाई भले नसते तर? गावात देसाई नसतेच तर? एका मुलाचे शिक्षण एका माणसाच्या भलेपणावर टांगलेले असणे ही आनंदाने मानण्याची गोष्ट नाही, काळजीची आहे.

आणखी एक गोष्ट कादंबरीच्या मागे आहे. कागल कोल्हापूर संस्थानात होते. राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा केला, आणि वेगवेगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. शेतकऱ्याच्या पोराला शाळेत जावेसे वाटणे आणि आईला ते अशक्य न वाटणे, यासाठी आधी गावात तसे वातावरण तयार व्हावे लागते. इच्छा आपल्याला स्वतःची, खासगी वाटते. पण कशाची इच्छा करता येते हे बरेचसे समाज ठरवतो.

शाळा मिळते ती दादाच्या अटींवर. सकाळी अकरापर्यंत शेतात काम, दप्तर घेऊन तिथूनच शाळा, शाळा सुटली की गुरे चारायची, आणि काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बंद. तुम्ही या वेळापत्रकात अभ्यासाचा तास शोधून बघा.

वर्ग, मित्र आणि मास्तर

पाचवीच्या वर्गात पुन्हा बसल्यावर आनंदाच्या ओळखीचे जवळजवळ कोणी नसते. बरोबरीची मुले पुढे गेलेली, वर्गात सगळी लहान पोरे. धोतर नेसून, गमछा घेऊन आलेल्या या मुलाची चव्हाणांचा पोरगा टिंगल करतो. दिवसभर शेतात न थकणारा आनंदा या एका दिवसाने खचतो, शाळा नकोच असे त्याच्या मनात येते. कष्टाने जे झाले नाही ते अपमानाने होऊ शकले असते. पुढे आई त्याला टोपी आणि चड्ड्या आणून देते, तेव्हा तो वर्गात सामावतो. दोन चड्ड्या आणि एक टोपी ही क्षुल्लक बाब वाटते. पण पहिल्या वर्षाला इंग्रजीत उत्तर देता न आल्याने मागच्या बाकावर जाऊन बसलेला विद्यार्थी ज्याने पाहिला आहे, त्याला ती क्षुल्लक वाटणार नाही.

यानंतर वसंत पाटील येतो. अंगाने किरकोळ, अभ्यासात हुशार, गणितात पक्का. आनंदा त्याचे बघून पुस्तकांना वेष्टन घालतो, दप्तर नीट लावतो, गणिते सोडवू लागतो. घरात ज्याने कधी कुणाला अभ्यास करताना पाहिलेले नाही, त्याला अभ्यास कसा दिसतो हे आधी डोळ्यांनी पाहावे लागते. तुमच्या घरी पुस्तकांचे कपाट असेल तर ही गोष्ट तुम्ही न कळत शिकलात. आनंदाला ती दुसऱ्याच्या बाकावर शिकावी लागली. मास्तर त्याला ‘आनंदा’ म्हणून हाक मारू लागतात, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटते की आपण इथले आहोत.

मराठीचे सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर गातात, अभिनय करतात, कवींच्या आठवणी सांगतात. आपल्या दारातल्या मालतीच्या वेलावर ते कविता करतात, ती आनंदा वाचतो आणि तो वेलही त्याने पाहिलेला असतो. कवी म्हणजे कुठल्या वेगळ्या जगातली माणसे नव्हेत, आपल्यासारखीच हाडामांसाची असतात, हे त्याला त्या वेलाने कळते. मग शेतात पाणी पाजताना तो एकटाच कविता गाऊ लागतो. पूर्वी शेतातला एकटेपणा त्याला खायला उठायचा, आता तोच त्याला हवासा होतो, कारण मोठ्याने गाता येते. गुरे चारताना म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो, दगडावर खड्याने लिहितो.

माझ्या मते कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच आहे. परिस्थिती तीच आहे. तेच शेत, तेच पाणी, तीच म्हैस, तोच बाप. पण तिचा अर्थ बदलला आहे. दादाने जे शिक्षा म्हणून दिले होते, ते आनंदाच्या हाती लिहिण्याची जागा बनले. म्हणून ‘परिस्थिती माणूस घडवते’ हे वाक्य अर्धेच आहे. परिस्थिती जे देते त्याचे काय करायचे हे शिकवणारा कोणीतरी भेटावा लागतो, आणि तो भेटणे हाही परिस्थितीचाच भाग आहे.

माझ्या विषयातले एक उदाहरण देतो. एक तुळई घ्या आणि तिच्या मधोमध वजन ठेवा. तिची दोन्ही टोके नुसती टेकवलेली असतील तर ती जितकी वाकते, त्याच्या एक चतुर्थांशच ती दोन्ही टोके भिंतीत घट्ट बसवल्यावर वाकते. तुळई तीच, वजन तेच, फक्त आधार बदलला. कमी वाकलेल्या तुळईला आपण ‘जिद्दी’ म्हणत नाही. पण हे उदाहरण एका जागी तोकडे पडते आणि ते सांगायला हवे. तुळई स्वतःचा आधार बदलू शकत नाही. आनंदा रात्री आईला घेऊन देसायांच्या वाड्यावर गेला. त्याची जिद्द मला दिसते ती इथे, आधार शोधण्यात.

दुसरा एक बाप

तुलनेसाठी नरेंद्र जाधव यांचे १९९३ सालचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक बघा. यातले वडील, दामू, नाशिकजवळच्या ओझरचे. येसकरकीच्या कामावर असताना मारहाण झाली आणि त्यांनी गाव सोडून मुंबई गाठली. शिक्षण जवळजवळ नाही, कष्टाच्या नोकऱ्या, अस्पृश्यतेचा छळ. दादाच्या तुलनेत हा माणूस समाजाच्या कितीतरी खालच्या पायरीवर ढकललेला. तरी हा बाप मुलांना शाळेतून काढत नाही, शाळेत ढकलतो.

फरक फक्त स्वभावाचा आहे का? दामू आंबेडकरी चळवळीत होते. शिक्षणाशिवाय सुटका नाही हे डॉ. आंबेडकरांचे सांगणे त्यांच्या घराच्या उंबरठ्याच्या आत आले होते. दादाच्या घरात असा कुठलाच विचार शिरलेला नाही. दोन्ही घरांत दारिद्र्य आहे, पण एका घरात दारिद्र्याचे स्पष्टीकरण आहे आणि त्यातून बाहेर पडायचा सांगितलेला रस्ता आहे. सामाजिक परिस्थिती म्हणजे केवळ उत्पन्न आणि जमीन नव्हे, घरात कोणते विचार येऊन पोहोचले तेही त्यात मोजावे लागते.

मात्र विचार घरात आला म्हणजे तो सगळ्यांना सारखा मिळतो असे नाही. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या फलटणच्या बेबी कांबळे याच चळवळीतल्या. त्या किराणा दुकान चालवत, सामानाच्या पुडीचे कागद वाचत, आणि आपले लिखाण त्यांनी कितीतरी वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. मुलाला पुढे ढकलणारे घर बाईच्या लेखणीला तेवढी जागा देईलच असे नाही.

कादंबरीच्या मर्यादा

‘झोंबी’ मला मोलाची वाटते, तरी तिच्या दोन मर्यादा तुमच्यासमोर ठेवतो. पहिली दृष्टीची. सारे काही मुलाच्या डोळ्यांनी दिसते. दादाने काय केले हे आपल्याला कळते, त्याला काय वाटत होते हे क्वचितच. वर मी गुऱ्हाळाचा जो अर्थ लावला तो कादंबरीत सरळ लिहिलेला नाही, तो वाचकाने लावायचा आहे. तीच गोष्ट बहिणींची. आनंदा शाळेत जातो तेव्हा त्याच्या वाट्याचे काम कोणीतरी करतेच. त्यांना शाळा हवी होती का, हा प्रश्न आनंदाच्या शाळेइतका पेटत नाही.

दुसरी मर्यादा काळाची. लिहिणारा माणूस प्राध्यापक झालेला आहे. शेवट ठाऊक असल्यामुळे मागचे प्रत्येक दुःख यशाकडे जाणारी पायरी वाटू लागते. जे मॅट्रिकपर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांनी ‘झोंबी’ लिहिली नाही. आपण वाचतो ती सगळी आत्मचरित्रे सुटलेल्यांची असतात, आणि त्यावरून आपण न सुटलेल्यांविषयी निष्कर्ष काढतो.

समारोप

सुरुवातीला ज्या दुसऱ्या अन्यायाविषयी बोललो त्याकडे आता येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या सत्रात बरा. दिवाळीनंतर त्याची हजेरी घसरत गेली. आला की मागे बसायचा, विचारले तर नुसता ‘हो सर’ म्हणायचा. सत्राच्या शेवटी मी त्याच्या नावापुढे ‘विषयात रस नाही’ असा शेरा लिहिला. परीक्षेला बसायला तो अपात्र ठरला आणि पुढच्या वर्षी आला नाही. नंतर त्याच्या मित्राकडून कळले की आईवडील ऊसतोडीला गेले होते, दरवर्षीच जातात. त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळल्यामुळे घर, धाकटी भावंडे आणि दोन जनावरे त्याच्याकडे होती. गावाहून कॉलेजला रोज येणे जमण्यासारखे नव्हते.

मी तेव्हा ‘झोंबी’ वाचलेली होती. वर्गात तिच्याविषयी बोललोही होतो. पण जिद्दीचे पुस्तक म्हणून वाचली होती, त्यामुळे समोरचा आनंदा मला ओळखू आला नाही. त्याला फक्त सकाळी अकरानंतरची शाळा हवी होती, आणि देसायांची जागा त्या दिवशी माझी होती.

म्हणून सांगतो, पुस्तकातल्या नायकाचे गुण जरूर लिहा, गुणही मिळतील. पण त्याबरोबर विचारा, त्याच्यामागे कोण उभे होते, कोण नव्हते, आणि त्याच गावात तेवढेच गुण असलेली किती मुले म्हशीच्या मागेच राहिली. तुम्ही स्वतः इथवर आला आहात त्याचाही असा हिशोब एकदा मांडा. तुमचे कष्ट त्याने कमी होणार नाहीत. शेजारच्या बाकावरून कोणी दिसेनासे झाले, तर कारण विचारायला तुम्ही माझ्यापेक्षा लवकर जाल एवढेच.

विचारार्थ प्रश्न

१. दादाचा शाळेला असलेला विरोध आणि गुऱ्हाळाविषयीचा त्याचा निर्णय यांतील संबंध तुमच्या शब्दांत स्पष्ट करा. या मांडणीने दादाची जबाबदारी कमी होते असे तुम्हाला वाटते का?

२. ‘झोंबी’तील आईकडे स्वतःची सत्ता नाही, तरी कथेला वळण तीच देते. या विधानाची चर्चा करा.

३. तुमच्या ‘वितान’मध्ये ‘सिल्वर वेडिंग’ हा पाठही असेल तर यशोधर बाबूंवरचा किशनदांचा प्रभाव आणि आनंदावरचा सौंदलगेकर मास्तरांचा प्रभाव यांची तुलना करा. एकाला प्रभाव मोकळे करतो, दुसऱ्याला बांधून ठेवतो, असे म्हणता येईल का?

४. तुमच्या भाषेतील एखादे आत्मचरित्र निवडा. त्यातील बहिणीच्या किंवा आईच्या बाजूने एक प्रसंग पुन्हा सांगा.